न भाजलेलं बोट

शरयू मगदूमच्या पदवीचं घोडं अडलं ते तिच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटापाशी. चार वर्षांचा अभ्यास झाला, सगळे विषय सुटले, साखर कारखान्यातली आंतरवासिताही संपत आली. (हा शब्द विद्यापीठाच्या कागदाबाहेर कुणी उच्चारत नाही. कारखान्यात सगळे इंटर्नशिपच म्हणत.) राहिले होते ते शेवटचे वीस श्रेयांक, आणि नेमकं तिथं हे बोट आडवं आलं.

बोट दुखत नव्हतं की मोडलेलं नव्हतं. काम करताना ते फक्त जरासं वर उचललेलं असायचं.

ढवळेवाडीचा श्री भैरोबा सहकारी साखर कारखाना तसा जुनाच. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर पॅन ओळीनं उभे आहेत. पॅन म्हणजे घराएवढी बंद कढई. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते, म्हणून उसाचा दाट रस साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो आणि साखर जळत नाही. आटत आटत तो अशा टप्प्यावर येतो, की मावेल त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली असते. ती बाहेर पडायला टेकलेलीच असते, तिला फक्त बसायला जागा हवी. त्या क्षणी पिठीसारखं बारीक बी आत सोडतात. एकेका बीवर साखर थरावर थर चढवते आणि दाणा मोठा होत जातो. मात्र रस हळूहळू पाजावा लागतो. घाई केली की न बोलावलेले नवे बारीक दाणे उगवतात. पॅनवाले त्याला ‘खोटा दाणा’ म्हणतात. तो पडला की पुढच्या जाळ्या तुंबतात आणि केलेलं सगळं पुन्हा विरघळवून पहिल्यापासून करायची पाळी येते.

आता हे सगळं संगणक बघतो. पण पॅनच्या आतल्या सेन्सरवरही साखरेचा थर चढतो, आणि मग तो संगणक मोठ्या आत्मविश्वासानं चुकीचे आकडे दाखवतो. दोन हंगाम हात पोळल्यावर कारखान्यानं प्रत्येक पाळीला एक जिवंत माणूस पुन्हा ठेवला. तो पितळी दांड्यानं नमुना काढतो, काचेवर पसरतो, बोटांनी चोळतो, उजेडाला धरतो आणि सांगतो, रस सोडा किंवा थांबवा. त्या माणसाला पॅनमन म्हणतात. शरयूला तेच व्हायचं होतं. कारखान्यानं तिला पुढच्या हंगामापासून जागाही देऊ केली होती, पण पदवी हातात असली तरच.

तिला शिकवायला होते दस्तगीर मुल्लाणी. एक्केचाळीस हंगाम पॅनपाशी काढून निवृत्त झालेले. विद्यापीठानं त्यांना ‘नोंदणीकृत कौशल्यगुरू’ केलं, तेव्हा त्यांनी त्याचं कार्ड पहिल्यांदा बायकोला आणि मग सगळ्या गल्लीला दाखवलं. “सातवी नापास माणूस, आन् पदवीच्या पोरांना मार्क देतोय,” असं म्हणून ते मनापासून हसत. शरयू त्यांना चाचा म्हणायची.

मार्क खरं तर चाचा देत नव्हते. मार्क द्यायचा हातमोजा.

त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी इंटर्नशिपचे श्रेयांक पत्रावर मिळत. कुणाच्या मामाची कंपनी, कुणाच्या मेव्हण्याचं वर्कशॉप, तिथला शिक्का आणि ‘वर्तन समाधानकारक’ अशी एक ओळ. पत्रांचे ढीग वाढत गेले आणि काम येणारी माणसं कमी होत गेली. शेवटी विद्यापीठानं हा मोजा आणला. पातळ कापडाचा, आत केसाएवढ्या तारा. कुठला स्नायू केव्हा ताणला आणि केव्हा सैल पडला, हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपतो.

आणि हे टिपताना संशोधकांच्या ध्यानात एक भलतीच गोष्ट आली. हाताचं काम माणूस पुस्तकातून शिकत नाही. तो कुणाच्या तरी शेजारी बसून, बघून, कधी त्याच्या हातात हात देऊन शिकतो. मग त्या शिकवणाऱ्याच्या हाताची चाल, त्याचे थांबे, त्याच्या खोडीसुद्धा शिकणाऱ्याच्या लहान मेंदूत जाऊन बसतात आणि जन्मभर हलत नाहीत. मिरजेत वाढलेला माणूस दिल्लीला जाऊन कितीही हिंदी बोलला तरी त्याचा मिरजेचा हेल लपत नाही, तसंच हे. मोजा हा हेल ओळखायचा. गुरूच्या हाताचा नमुना आधी घेऊन ठेवलेला असे. शिष्याच्या हातात तो किती उतरला, यावर श्रेयांक. यालाच विद्यापीठ ‘हस्तवंश’ म्हणे.

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी श्रेयांक कक्षाच्या प्रमुख डॉ. वैजयंती हुक्केरी यांनी शरयूला पडद्यावर बोलावून घेतलं. चाचाही शेजारी येऊन बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“शरयू, तुझ्या हातात एकतीस टक्के दस्तगीरचाचा आहेत,” मॅडम म्हणाल्या. “अकरा टक्के तुझं स्वतःचं. उरलेले अठ्ठावन्न टक्के कोण आहे?”

“कुणीच नाही, मॅडम. मला ते येतच होतं.”

“येतच होतं असं काही नसतं. हा एकाच माणसाचा हात आहे. बोटं तुझ्याहून लांब, सांधे जरा ताठ, म्हणजे वयानं मोठं माणूस. दर सात-आठ फेऱ्यांनी एक बारीक थांबा आहे, ज्याचा पॅनच्या कामाशी काही संबंध नाही. आणि चौथं बोट सतत वर. कोण आहे हे?”

शरयूला ते खरोखरच माहीत नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की हा हात तिला देवानं दिलाय. मैत्रिणींना तिनं तसं सांगितलंही होतं, आणि ते सांगताना मान जरा ताठ केली होती.

मॅडमनी पुढचं सांगितलं ते अगदी सरळ शब्दांत. गेल्या वर्षी एका कॉलेजात पोरांनी भाड्याची माणसं आणून त्यांना मोजे घालायला लावले होते. ‘हातबदली’ म्हणतात त्याला. त्यामुळे समितीला संशय येणारच. आता दोन वाटा होत्या. पंधरा दिवसांत त्या माणसाला आणून त्याच्या हाताचा नमुना द्यायचा. जुळला तर आधीचं शिक्षण म्हणून सगळे श्रेयांक मंजूर, नाही जुळला तर हातबदली, आणि नाव कायमचं कमी. किंवा मग पुनर्शिक्षण. चाचांकडे सहा महिने नव्याने शिकायचं, परका हात दहा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. वर्ष जाईल, पण पदवी मिळेल. मुलं याला ‘हात धुणं’ म्हणत.

पडदा बंद झाला. चाचा उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

“पंचवीस दिवसांत खोटा दाणा ओळखाय लागलीस,” ते म्हणाले. “मला त्याला तीन वर्सं लागली होती. घरी जाऊन बायकोला म्हटलं, माझ्या शिकवण्याचं चीज झालं बघ. दुसरीकडं कुटं शिकून आली होतीस तर सांगायचं होतंस पोरी. मी काय खाल्लं असतं तुला?”

“चाचा, शप्पथ सांगते...”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

शरयूनं हात धुवायचं ठरवलं. ज्या माणसाचं नाव आपल्यालाच माहीत नाही त्याला आणायचं कुठून? मंगळवारी तिनं कारखान्याच्या दवाखान्यातून चिकटपट्टी आणली आणि ते आगाऊ बोट शेजारच्या बोटाला घट्ट बांधून टाकलं.

तीन दिवस तिनं तसं काम केलं आणि तीन दिवस तिला काहीच कळेना. काचेवर नमुना घ्यायची, चोळायची, आणि बोटाखाली नुसता चिकट पाक लागायचा. दाणा केवढा आहे, कडा धरतोय की नाही, काही म्हणजे काही नाही. शुक्रवारी तीन नंबरच्या पॅनमध्ये खोटा दाणा पडला आणि तिनं ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं. चाचांनी धावत येऊन रसाचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून निभावलं.

तिला रडूच फुटलं. चाचांचा राग तसा तीन दिवसांत निम्मा झालाच होता. त्यांनी तिचा हात पुढं ओढून पट्टी सोडली.

“आता कर. जसं येतंय तसं कर. मी नुसतं बघतो.”

तिनं नमुना घेतला. बोट वर गेलं. अंगठा नि तर्जनी फिरायला लागली, आणि पाकातला एकेक दाणा तिच्याशी बोलायला लागला. चाचा मात्र दाणा बघत नव्हते. ते तिच्या नाकापुढं वाकून बोट बघत होते.

“हे बोट तुझं कधी भाजलं होतं का गं?”

“नाही.”

“काच तर गार असते. इथं भाजायचं कारणच न्हाई. पण तुझं बोट बघ कसं चाललंय. तापल्या तव्यावरनं चाललंय जणू. हे भाजलेल्या माणसाचं बोट हाय, पोरी.” मग त्यांची नजर खाली गेली. “आन् तू थांबतीस तवा डावा हात काय करतोय?”

शरयूनं स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहिलं. उजवा हात थांबला की डावा मनगटातून किंचित कलत होता आणि परत सरळ होत होता. हातात काहीच नव्हतं, पण असावं असा. चमचा. पाकाचा चमचा.

“थेंब,” ती म्हणाली. “थेंबच.”

“काय?”

“चाचा, किणीकरकाकू!”

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत त्यांचं बिऱ्हाड होतं. आई नर्स. दुपारची पाळी असली की दोन वाजता जायची ती रात्रीच यायची. शाळेतून आलेली शरयू खालच्या मजल्यावर सुलभाकाकू किणीकरांकडे असायची. काकू संक्रांतीचा हलवा करत. नव्या नवरीचे हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट, सगळी मिरज त्यांच्याकडून न्यायची. थंडी पडली की काकूंची शेगडी पेटायची. मंद निखाऱ्यावर परात, परातीत खसखस, उजव्या हाताची बोटं सतत फिरती, आणि मधेच डाव्या हातानं एकतारी पाकाचा एक थेंब. जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. थेंबाथेंबानं गेला तर दाणा पांढरा होतो, फुगतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला काटे फुटतात. काकूंचं चौथं बोट एका हिवाळ्यात परातीला लागून चांगलंच भाजलं होतं. तेव्हापासून त्या ते वर धरूनच काम करत. परातीची समोरची बाजू शरयूची. ती आठ वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत, चार हिवाळे. काकू मागून तिचा हात आपल्या हातात घेऊन फिरवायच्या आणि पाक सांडला की म्हणायच्या, “थेंब गं बाई, थेंबच.”

खसखस म्हणजे बी. थेंब म्हणजे रस पाजणं. गोळा म्हणजे खोटा दाणा. शरयू चार वर्षं साखरेच्या स्फटिकांवर पेपर लिहीत होती, आणि हे तिच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं तिथूनच आईला फोन लावला.

“काकू आहेत ना अजून तिथंच?”

“आहेत गं,” आई म्हणाली. “पण त्यांचा उजवा हात गेलाय ना. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हा तुला फोनवर सांगितलं होतं मी.”

सांगितलं होतं. शरयूला आता आठवलं. तिनं ‘अरेरे’ म्हटलं होतं आणि पुन्हा पुस्तक उघडलं होतं, दुसऱ्या दिवशी पेपर होता म्हणून. तिला स्वतःची फार लाज वाटली.

डॉ. हुक्केरींना तिनं सगळं खरं सांगितलं, त्या ‘अरेरे’सकट. गेलेल्या हाताचा नमुना घेता येत नाही हे तिला माहीत होतं.

“हा मोजा मुळात कशासाठी केला होता, माहितीये तुला?” मॅडमनी विचारलं. “झटका आलेल्यांसाठीच. मी त्यावर सहा वर्षं काम केलंय. झटक्यात मेंदूचा एक तुकडा मरतो, पण हात मरत नाही. त्याला हुकूम पोचत नाही एवढंच. मोज्यातून आपण बाहेरून हलके हुकूम देऊ शकतो. अडचण अशी की परक्या चालीचे हुकूम शरीर घेत नाही. ढकलल्यासारखा हात हलतो आणि पुन्हा पडतो. माणसाची स्वतःची जुनी चाल दिली तर स्नायू आपणहून जोर लावतो, आणि तो जोर आम्हाला मोजता येतो. पण झटका यायच्या आधी आपल्या हाताची नोंद कोण करून ठेवतं? कुणीच नाही. म्हणून ते काम तिथंच थांबलं.”

शरयूच्या आता ध्यानात आलं.

“मॅडम, माझ्या हातात आहे ना नोंद.”

“तुझ्या हातातून चाचा वजा केले, तूही वजा झालीस, की उरतात त्या काकू. निदान तसं असावं. त्यांच्या हातानं ती चाल ओळखली तर तुझाही प्रश्न सुटला. पण मी तुला गोड गोड सांगणार नाही. दोन वर्षं पडून असलेला हात आहे. ओळखली नाही तर नियमाप्रमाणे मला हातबदली लिहावी लागेल. हात धुऊन घेतलास तर पदवी नक्की आहे.”

“आणि धुतला तर हे माझ्या हातातलं...”

“जाईल.”

शरयूनं मेजावर पडलेल्या चिकटपट्टीकडं पाहिलं. जगात काकूंचा हात फक्त एका ठिकाणी शाबूत होता, आणि तिनं तो तीन दिवस बांधून ठेवला होता.

“धुणं नको, मॅडम,” ती म्हणाली. “मिरजेला या.”

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला जरासं ओढलेलं, पण जीभ जागेवर होती.

“आलीस? दहा वर्षं कुठं होतीस गं मेले?”

शरयूनं त्यांचे पाय धरले. काय सांगायचं ते वाटेत तिनं नीट जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरून ती एवढंच म्हणाली, “काकू, मला तुम्ही शिकवलंत. मला कळलंच नव्हतं.”

“मी कुठं काय शिकवलं? तुझी आई कामाला, तू दिवसभर माझ्या पायात पायात. परातीपाशी बसवली की हात गुंतायचे तुझे, म्हणून बसवायची.”

बरोबर आलेले चाचा दारातच अवघडून उभे होते. फडताळात काचेच्या बरणीत काकूंचा शेवटचा हलवा तसाच ठेवलेला होता, दोन वर्षांचा. चाचांनी विचारून एक दाणा घेतला, खिशातली काच काढली, दाणा तिच्यावर ठेवून उजेडाला धरला आणि फिरवून फिरवून पाहिला.

“बाई, ह्याला बी कशाचं?”

“खसखस.”

“एवढा काटा कसा धरला सगळीकडनं सारखा? रस किती पाजत होता?”

“थेंब,” काकू म्हणाल्या. “घाई केली की गोळा होतो.”

चाचांनी काच खिशात ठेवली. “माझी बायको दर संक्रांतीला असला हलवा आणती,” ते म्हणाले. “एक्केचाळीस वर्सं मी तो मूठ मूठ तोंडात टाकला आन् एकदा बी उजेडाला धरला न्हाई. पोरी, तू माझ्याशी खोटं बोलली न्हाईस. बाई माझ्या आधीच्या उस्ताद हायत. मी आपला पुढचं शिकवलं.” ते एवढ्या मोकळेपणानं म्हणाले, की शरयूच्या छातीवरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं.

पण हात काही हलेना. मॅडमनी शरयूच्या नोंदीतून काढलेली चाल मोज्यात भरली आणि तो काकूंच्या हातात चढवला. पहिल्या दिवशी हात ढकलल्यासारखा हलला आणि पडला. दुसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी काकू वैतागल्या. स्नायूंचा जोर दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट होती. मॅडम दरवेळी पुढ्यात टेबल ओढून त्यावर मऊ गादी ठेवत आणि काकूंचा हात गादीवर, कारण नियमपुस्तकात तसंच होतं. शेवटची बैठक संक्रांतीच्या आदल्या दिवशी होती. मुदतही त्याच दिवशी संपत होती.

त्या सकाळी शरयूनं मोज्याकडं पाहिलं, गादीकडं पाहिलं, आणि तिला तिचीच चिकटपट्टी आठवली. बोट बांधलं तेव्हा तिचा सगळा हातच मुका झाला होता. एक गोष्ट बदलली की हाताला काही ओळखू येत नाही. आणि इथं तर परात नव्हती, ऊब नव्हती, बोटांखाली खसखस नव्हती.

“काकू, शेगडी कुठं आहे?”

“माळ्यावर,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे एकदम लकाकले. “परात पण तिथंच. चिंचेनं घास आधी, काळी पडली असेल.”

“शरयू, नियमात परात नाही,” डॉ. हुक्केरी म्हणाल्या.

“नियमात काकू पण नाहीत, मॅडम.”

मॅडम हसल्या आणि स्वतःच टेबल बाजूला सरकवलं.

कोळसे चाचांनी आणले आणि पेटवलेही त्यांनीच. परात घासून झाली. काकूंना जमिनीवर पाट देऊन बसवलं, पाठीला तक्क्या लावला. खसखस परातीत पडली आणि तापल्यावर तिचा मंद खमंग वास सुटला. काकूंनी डोळे मिटून तो आत घेतला. शरयूनं मोजा चढवलेला त्यांचा उजवा हात उचलून परातीत ठेवला. हात जड होता, ओल्या कपड्यासारखा. ती मागं बसली आणि काकूंचा हात आपल्या हातात घेऊन फिरवायला लागली, काकू तिचा फिरवायच्या तसाच.

एक फेरी झाली, दुसरी झाली. सातव्या-आठव्या फेरीला शरयूचा हात सवयीनं थांबला.

आणि काकूंचं चौथं बोट वर उचललं गेलं.

अगदी थोडं. खसखशीच्या दाण्याएवढं म्हणा. पण ते शरयूनं उचललं नव्हतं, कारण तिचा हात त्या बोटाखाली नव्हताच. बोट परातीपासून दूर राहायचं म्हणून आपणहून वर गेलं आणि तिथंच राहिलं.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “चटका लागेल म्हणून भ्यालं बघ.”

डॉ. हुक्केरी पडद्याकडं बघत होत्या. सपाट रेघ उभी राहिली होती. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. “जुळलं,” त्या म्हणाल्या. त्यांची सहा वर्षं थांबून राहिलेली होती, हे त्या खोलीत फक्त शरयूला माहीत होतं.

पुढचं सगळं फॉर्मवर भरायचं होतं. गुरूचं नाव: सुलभा किणीकर. त्याखाली, दस्तगीर मुल्लाणी. प्रशिक्षणाचा कालावधी: चार हिवाळे आणि एक गळीत हंगाम. प्रशिक्षणाचं ठिकाण, या रकान्यापाशी मॅडम थबकल्या. शरयूनं सांगितलं, “परातीची समोरची बाजू, असं लिहा.” मॅडमनी तसंच लिहिलं. वीस श्रेयांक मंजूर झाले. काकूंचा हात पूर्ण बरा होईल का, असं शरयूनं हळूच विचारलं. पूर्ण नाही, मॅडम म्हणाल्या, पण हलवा करण्यापुरता बहुतेक होईल. काकूंना तेवढाच हवा होता.

पण हे कागद नंतरचे. त्या वेळी शरयू काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. पदवी मिळाली म्हणून ती रडत नव्हती. आपल्याला देवानं दिलंय असं समजून ज्याचा तोरा मिरवला, ते एका बाईनं चार हिवाळे आपल्या मागं बसून दिलं होतं, आणि ते परत नेऊन ठेवायला जागा अजून शिल्लक होती, याचं तिला इतकं बरं वाटत होतं की रडू आवरत नव्हतं.

“पुरे,” काकू म्हणाल्या. “रडतेस काय? तुझी बाजू करपतेय. जा समोर.”

शरयू डोळे पुसून समोर जाऊन बसली. तिनं परातीत हात घातला, आणि एका परातीवर दोन बोटं वर उचललेली राहिली, एक भाजलेलं आणि एक कधीच न भाजलेलं.

पाक घालायला कुणीतरी हवं होतं. काकूंचा डावा हात फडक्यानं परातीची कड धरण्यात गुंतला होता. चाचांनी बाह्या सरसावल्या, चमचा पाकात बुडवला, आणि एक्केचाळीस हंगाम घराएवढ्या कढयांना रस पाजलेल्या हातानं तो परातीवर सढळपणे कलता केला.

“अहो, थेंब!” काकू ओरडल्या. “थेंबच!”